आधी दिशा सांग की रे!

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा कुणावर लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. शाळेनं पुष्कळ दिलं, पण माझ्या पोटापाण्याची विद्या दिली ती विज्ञानाच्या सरांनी, आणि तीही दहावी संपल्यावर.

एसएसएलसी करून आम्ही खानापूरची मुलं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात जाऊ लागलो. दहावीपर्यंत सगळं मराठीतून, तिथं एकदम इंग्रजी. सूत्रं पाठ व्हायची, डोक्यात काही शिरायचं नाही. सरांच्या कानावर हे गेलं. "संध्याकाळच्या गाडीनं उतरलात की थेट शाळेत या," म्हणाले. एक पैसा घेतला नाही.

एके संध्याकाळी फळ्यावर दोन प्रभार, म्हणजे विजेचे भार: डावीकडं अधिक एक मायक्रोकूलोम (कूलोम हे प्रभाराचं माप), उजवीकडं उणे एक, मधे २० सेंटिमीटर. "बरोबर मध्यावर विद्युत क्षेत्राची तीव्रता किती? म्हणजे तिथं एक कूलोम धन प्रभार ठेवला तर त्याच्यावर जोर किती?" आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, "शून्य. अधिक-उणे कटलं." सर रागावले नाहीत. "आधी दिशा सांग की रे, आकडा कुठं पळून जातोय?" मध्यावर खडूचा ठिपका दिला. "हा धन प्रभार. डावीकडचा ह्याला कुठं ढकलतो?" "उजवीकडं." "आणि उजवीकडचा कुठं ओढतो?" "उजवीकडंच." झालं! एकेकाचे ९ लाख न्यूटन प्रति कूलोम, मिळून १८ लाख. तिथं शून्य असतं ते विभव (व्होल्टमध्ये मोजतात ते), कारण विभवाला दिशा नसते, हेही त्याच दमात सांगून टाकलं.

मग कपाटातून विमशर्स्ट यंत्र निघालं, तबकड्या हातानं फिरवून स्थिर वीज तयार करणारं. काचेच्या बशीत एरंडेल, वर चिमूटभर बारीक रवा, तेलात यंत्राला जोडलेली दोन पितळी टोकं. पण आषाढातला खानापूरचा पाऊस! दमट हवेत प्रभार टिकेना. सरांनी तबकड्या कोरड्या फडक्यानं पुसल्या, पेटता बल्ब जवळ धरून शेकल्या, पुन्हा मूठ फिरवली. रव्याचे कण थरथरले, वळले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं लागले. मधे सरळ आणि दाट, बाहेर विरळ कमानी. "दाट तिथं जोर जास्त," सर म्हणाले. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या फॅरेडेनं याच रेषा मनात धरून विजेचा विचार केला, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. लांब गेल्यावर एकट्या प्रभाराचं क्षेत्र दुप्पट अंतराला चौथा हिस्सा उरतं, विरुद्ध जोडीचं मात्र आठवा, कारण दोघं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. हे मी परीक्षेसाठी कधी पाठ केलं नाही.

आज मी उच्चदाबाची वीज अडवणाऱ्या इन्सुलेटरांच्या चाचण्या घेतो. कोरडी हवा सेंटिमीटरला साधारण ३० किलोव्होल्ट सोसते, टोकदार कडेला क्षेत्र एकवटलं की ठिणगी तिथून निघते. नवीन इंजिनिअर संगणकावरचा क्षेत्राचा रंगीत नकाशा घेऊन आला की मी सरांचाच प्रश्न विचारतो. गेल्या वर्षी कंपनीनं सत्कार केला तेव्हा व्यासपीठावर पहिलं नाव सरांचं घेतलं.

मध्यंतरी शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेत आता संगणक आहेत, त्याचा आनंदच आहे. पण यंत्र माळ्यावर आहे आणि एक तबकडी तडकली आहे, हे बघून जीव तुटला. मुलं असले प्रयोग मोबाईलवर बघतात. बल्बनं तबकडी शेकत, श्वास रोखून बघत बसणं त्यांच्या वाट्याला येत नाही. मुख्याध्यापकांशी बोललो आहे. नवी तबकडी माझ्याकडून. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की यंत्र बसवून द्यायला मी स्वतः येणार आहे. रवा आणि एरंडेल तेवढं शाळेनं बघावं.