तुम्ही विचारलंत म्हणून: 'जी-एल'ने सुरू होणारे सगळे शब्द चमकतात का?

ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट. इंग्रजीत 'जी-एल'ने सुरू होणारे इतके शब्द उजेडाचेच कसे? आणि मग नवा शब्द दिसला की पहिल्या दोन अक्षरांवरून अर्थ ओळखता येईल का? इंग्रजी शिकणारे हे नेहमी विचारतात. अर्थ लक्षात ठेवायला या अक्षरांचा फार उपयोग होतो, पण ओळखायला त्यांच्यावर विसंबू नका.

'अनहॅपी'मधला 'अन' काढला तर 'हॅपी' उरतो, कारण 'अन' हा उपसर्ग आहे. 'ग्लो'मधून 'ग्ल' काढलं तर हाती काहीच लागत नाही. तरी अर्थाची छटा त्या आवाजाला चिकटलेली असते. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये अशा ध्वनिगटाला 'फोनस्थीम' हे नाव दिलं. आपल्याकडेही झळाळी, झगमग, झगझगीत, झिलई आहेतच. पण झाड आणि झोप चमकत नाहीत. तसेच ग्लव्ह आणि ग्लूसुद्धा.

खरी अडचण पुढे येते. वहीत या सगळ्यांसमोर 'चमकणे' लिहिलं की शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून अर्थाऐवजी वस्तू लिहा. ग्लो म्हणजे ज्वाळा नसलेला निखारा. ग्लीम म्हणजे घासून पुसून ठेवलेलं पितळेचं भांडं. ग्लिंट म्हणजे सुरीच्या धारेवर क्षणभर उमटलेली तिरीप. ग्लिटर म्हणजे टिकल्यांचं कापड, अनेक बारीक ठिपके. ग्लिसनला ओलावा किंवा तुकतुकी लागते: घामेजलेलं कपाळ, दवातलं पान. ग्लेअर डोळ्यांना त्रास देतो, समोरच्या गाडीच्या हेडलाइटसारखा. रागाने रोखून पाहणंही ग्लेअरच. एका दिवशी दोनच शब्द घ्या, तेही लांबचे, म्हणजे ग्लो आणि ग्लेअर. ग्लीम आणि ग्लिंट एकत्र घेतले की हमखास अदलाबदल होते.

याच गटातली नेहमीची चूक ग्लान्स आणि ग्लिम्प्सची. ग्लान्स आपण स्वतःहून टाकतो, घड्याळाकडे टाकतो तसा. ग्लिम्प्स आपल्याला मिळते, गर्दीत ओझरतं कुणी दिसावं तशी. म्हणून ग्लान्ससोबत 'टेक', ग्लिम्प्ससोबत 'कॅच' किंवा 'गेट'.

'एस-एन'मध्ये नाक आहे: स्निफ, स्नोअर, स्नॉर्ट, स्नाउट. स्नीझ मुळात इथला नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो 'एफ-एन'ने सुरू व्हायचा. ती जोडी भाषेतून गेली आणि शिंक नाकाच्या घरात येऊन राहिली. स्नो आणि स्नेक मात्र बाहेरचेच.

सगळ्यात कामाचा गट 'डब्ल्यू-आर'चा, कारण तो स्पेलिंग सांभाळतो. रिस्ट, रेंच, रिंकल, रॅप, रेसल या सगळ्यांत पीळ, वळण किंवा गुंडाळणं आहे. राँगचा मूळ अर्थही वाकडं. यातला डब्ल्यू पूर्वी उच्चारला जाई, आता फक्त लिहिला जातो. म्हणून कपडे पिळण्याच्या रिंगला डब्ल्यू लावा, बोटातल्या रिंगला नको. लिहिण्याचा राइट तेवढा वेगळा पाठ करा: त्याचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं. तिथे पीळ शोधू नका.