अंगावर पाजताना वजन: लाडवांचा हिशोब आणि बाकीचं

बाळंतपणानंतर पहिल्या पंधरवड्यात जे वजन उतरतं, त्याचा दुधाशी फारसा संबंध नसतो. बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-सहा किलो त्याच दिवशी कमी होतात. मग आठवडाभर घाम आणि लघवीवाटे अंगात साठलेलं पाणी जातं. पाजताना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं, त्याने गर्भाशय आकसतं. पहिल्या दिवसांत बाळाला छातीशी घेतलं की ओटीपोटात कळ येते ती यामुळेच. चरबी खरी उतरू लागते ती नंतर. म्हणून सहा आठवडे मी वजनकाट्याकडे फिरकले नाही.

फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली दूध पितं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत त्यासाठी आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी आणि पुढचे सहा महिने ५२० कॅलरी जादा धरल्या आहेत. गरोदरपणी मांड्यांवर, कमरेवर साठलेली चरबीही थोडी यात खर्ची पडते. वजन उतरतं ते इथून.

अडतं कुठे, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसलं. माहेरहून आलेला डिंकाचा एक लाडू ५० ग्रॅम भरला. तूप, गूळ, खारीक, खोबरं धरून सुमारे अडीचशे कॅलरी. दिवसाला असे तीन झाले की दुधाचा सगळा जादा खर्च लाडवांतच भरून निघतो. बाजरीच्या भाकरीवरचं तूप, अळिवाची खीर आणि दुधातलं शतावरी कल्प अजून बाकीच असतं. कल्पात साखर भरपूर असते, हे डब्यावरचे घटक वाचले की कळतं. आपला बाळंतिणीचा खुराक मला प्रिय आहे, तो मुळीच वाईट नाही. पण दूध बाळाच्या पिण्याने वाढतं, तुपाने नाही. मी सकाळी एकच लाडू ठेवला आणि उरलेली भूक मुगाची उसळ, अंडी, दही आणि मंडईतून आणलेल्या शेपू-मेथीने भागवली.

भूक मात्र खरीच लागते, विशेषतः रात्री दोनच्या पाजण्यानंतर. तेव्हा हाताशी टोस्ट-खारी असेल तर तीच पोटात जाते. उशाशी फुटाण्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या ठेवणं हा सगळ्यात उपयोगी उपाय. पाणी तहानेपुरतं प्यावं, ढोसून दूध वाढत नाही.

उतरण्याचा वेग महिन्याला दोन किलोपर्यंत ठीक. त्याहून घाई नको, आणि दिवसाचं खाणं १८०० कॅलरींच्या खाली नेऊ नये. आधी थकवा येतो, मग दूधही घटू शकतं. पहिला आठवडा उलटल्यावर बाळाची दिवसरात्र मिळून निदान सहा लंगोटं ओली होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय असं समजावं.

पोट बांधल्याने आधार मिळतो, चरबी जात नाही. फार आवळलं तर दाब खाली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. पर्वती चढायला लागण्याआधी एक तपासणी घरीच करता येते: उताणं झोपून गुडघे दुमडायचे, डोकं किंचित उचलायचं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी दाबायची. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधल्या फटीत दोनहून अधिक बोटं मावली तर सिट-अप्स, क्रंचेस थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवावं. सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पोटाचे व्यायाम नकोतच. सारसबागेत सपाट चालणं त्याआधीही पुरेसं होतं.

नीट जेवूनही वजन वाढतच असेल, केस गळत असतील, सुस्ती जात नसेल, तर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्यावी. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडणं दुर्मीळ नाही. उलट छाती धडधडून वजन झरझर उतरत असेल, तेव्हाही हीच तपासणी.

सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला नाचणीसत्त्व, मऊ भात सुरू झाला की पाजणं हळूहळू कमी होतं आणि दुधाचा खर्चही. ताटातलं मात्र तेवढंच राहतं. अनेकींचं उतरलेलं वजन परत चढतं ते याच सुमारास. त्या आठवड्यात मी लाडू बंद केला, भाकरीवरचं तूप एका छोट्या चमच्यावर आणलं आणि रात्रीचे फुटाणेही सोडले, कारण बाळ आता रात्रीचं कमी उठत होतं.