सव्वीस मिनिटांचं कुलूप

तक्रारीचं तिकीट माझ्याकडे आलं तेव्हा ते तीनदा बंद होऊन चौथ्यांदा उघडलं होतं. विषयाच्या रकान्यात आमच्या सपोर्टने लिहिलं होतं, 'युजरला रेकॉर्डिंगमधल्या जाहिराती स्किप करायच्या आहेत.' तिन्ही वेळा उत्तर एकच गेलं होतं, तयार मजकुरातून उचललेलं: चॅनेलसोबतच्या करारानुसार जाहिरातीच्या वेळात पुढे नेण्याची सोय बंद असते, हा बिघाड नाही.

मूळ तक्रार कोणी शेवटपर्यंत वाचलीच नव्हती. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं: 'महोदय, मला जाहिरात टाळायची नाही. मला मागे जायचं आहे. रेकॉर्डिंगमध्ये ५१ मिनिटं ८ सेकंदांवर मागे नेण्याचं बटण नाहीसं होतं, त्याच क्षणी सबटायटल्सही जातात. दोन्ही १ तास १७ मिनिटं २० सेकंदांवर परत येतात. मधल्या वेळात पहिली दोन मिनिटं जाहिराती आहेत. त्यानंतर कार्यक्रम सुरू आहे, पण बटण नाही. मला ऐकू येत नाही. मी चार वेळा तपासलं आहे.'

खाली चारही वेळांची नोंद होती: तारीख, कोणतं उपकरण, कोणत्या सेकंदाला काय दिसलं. टीव्हीवर दोनदा, फोनवर एकदा, लॅपटॉपवर एकदा. आमच्या टेस्टिंगकडून इतकी नेटकी नोंद मला क्वचित मिळते.

मी एका स्ट्रीमिंग टीव्ही सेवेत रेकॉर्डिंगचा भाग सांभाळते. बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही अशी एक गोष्ट आधी सांगते. तुम्ही आमच्या ॲपवर 'रेकॉर्ड' दाबता तेव्हा तुमच्यासाठी काहीही रेकॉर्ड होत नाही. चॅनेलचं प्रक्षेपण सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत आमच्याकडे साठत असतंच. तुमच्या नावावर डेटाबेसमध्ये फक्त एक ओळ पडते: कोणतं चॅनेल, कुठून, कुठपर्यंत आणि कधीपर्यंत पाहायची परवानगी. तुम्ही 'प्ले' दाबलं की त्या तुकड्यांची एक यादी तुमच्या प्लेअरला मिळते. तिला आम्ही मॅनिफेस्ट म्हणतो. कुठे बटणं चालतील आणि कुठे नाही, हेही त्या यादीतच लिहिलेलं असतं.

व्हीसीआरच्या कॅसेटला कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा दात असायचा. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. माझ्या लेखी 'माझं रेकॉर्डिंग' या शब्दांचा अर्थ म्हणजे तो मोडलेला दात. घरी टीव्हीवरून रेकॉर्ड करून नंतर पाहणं कायद्याने चुकीचं नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ साली सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात सांगितलं, तेही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने. पुढे १९९९ मध्ये कॅसेटऐवजी हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारे टिवो आणि रिप्लेटीव्ही आले. टिवोत तीस सेकंद पुढे उडी मारायची सोय लपवलेली होती. रिमोटवर सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, ३, ०, सिलेक्ट असं दाबलं की ती सुरू होई. रिप्लेटीव्हीने जाहिराती आपोआप गाळायची सोय उघडपणे दिली, तर २००१ मध्ये तिच्यावर खटले झाले आणि २००३ मध्ये तिच्या मालक कंपनीचं दिवाळं निघालं. २००८ मध्ये केबलव्हिजन या केबल कंपनीच्या खटल्यात अपील कोर्टाने दूरच्या सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग मान्य केलं, पण तिथे प्रत्येक ग्राहकाची वेगळी प्रत ठेवली जात होती. एकाच कार्यक्रमाच्या हजारो सारख्या प्रती हा साठवणुकीचा अपव्यय वाटतो खरा, पण त्यातली एक प्रत तुमची असते. आमच्याकडे चॅनेलांशी थेट करार आहेत, म्हणून सगळ्यांना मिळून एकच प्रत आहे. त्या प्रतीवर कुलूप पडलं की सगळ्यांसाठी पडतं.

ते कुलूप मी लिहिलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी करारात अट आली की जाहिरातीच्या वेळात प्लेअरची बटणं बंद ठेवायची. मी नियम लिहिला: ब्रेक सुरू झाल्याच्या खुणेपासून ब्रेक संपल्याच्या खुणेपर्यंत कंट्रोल्स बंद. पुढेही नाही, मागेही नाही. मागे का बंद केलं? कारण करारात 'ट्रिक प्ले' असा पुढे-मागे नेण्याच्या सगळ्या सोयींसाठी एकच शब्द होता, आणि मी त्यातली पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी केली नाही. सबटायटल्सही त्याच झटक्यात गेली, कारण जाहिरातींना ती नसतात आणि आधीच्या वाक्याची ओळ पडद्यावर अडकून राहू नये म्हणून प्लेअर तो ट्रॅकच उतरवतो.

आता ती खूण. चॅनेलकडून येणाऱ्या प्रवाहात एससीटीई-३५ नावाचे संदेश असतात. 'आता ब्रेक सुरू' हा एक, 'आता कार्यक्रमात परत' हा दुसरा. नेमका क्षण ९० किलोहर्ट्झच्या घड्याळावर दिलेला असतो, म्हणजे एका सेकंदाचे नव्वद हजार भाग. संदेश त्या क्षणाच्या किमान चार सेकंद आधी यावा असा दंडक आहे, म्हणजे पुढच्या यंत्रणेला तयारीला वेळ मिळतो. पाठवणाऱ्याने मनात आणलं तर ब्रेक किती लांबीचा आहे आणि तो आपोआप संपवायचा का, हेही पहिल्याच संदेशात लिहिता येतं. या चॅनेलने दोन्ही जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. त्यामुळे ब्रेक संपल्याचं कळायला दुसरा संदेश यायलाच हवा होता.

तो आला नव्हता. त्या संध्याकाळचे लॉग उघडले. थेट चर्चेचा कार्यक्रम, आठ ते दहा. ८:५१:०८ ला ब्रेक सुरू, दोन मिनिटांचा. परतीचा संदेश ८:५३:०४ च्या आसपास यायला हवा. आणि ८:५३:०२ ला आमचा मुख्य एन्कोडर, म्हणजे आलेला प्रवाह ॲपसाठी तयार करणारं यंत्र, बंद पडून राखीव एन्कोडरवर काम गेलं होतं. चार सेकंदांत बदली पूर्ण, चित्र जेमतेम हललं, यंत्रणा चालवणाऱ्या ऑप्सच्या टीमने त्या आठवड्याच्या अहवालात ती बदली यशस्वी म्हणून नोंदवलीसुद्धा. त्या चार सेकंदांत संदेश पडला. काही चॅनेल हा संदेश खबरदारी म्हणून दोन-तीनदा पाठवतात. हे एकदाच पाठवतं.

थेट पाहणाऱ्यांना काहीच जाणवलं नाही, कारण जाहिराती संपल्यावर जाहिराती पुरवणाऱ्या ॲड सर्व्हरकडे दाखवायला काही उरलं नाही आणि खालचा कार्यक्रम आपोआप दिसू लागला. डॅशबोर्ड हिरवा. रेकॉर्डिंगमध्ये मात्र माझ्या नियमाने पुढच्या 'कार्यक्रमात परत' या संदेशाची वाट पाहिली, जो त्यानंतरच्या ब्रेकच्या शेवटी आला. २६ मिनिटं १२ सेकंद. २६२ तुकडे. त्यातले मोजके सोडले तर बाकी सगळा कार्यक्रम, आणि त्यावर जाहिरातीचं कुलूप.

ज्या गोष्टीने मी सर्वांत जास्त अस्वस्थ झाले ती त्यानंतर सापडली. आमच्या विश्लेषण विभागाने त्याच रेकॉर्डिंगचा आलेख चॅनेलला पाठवला होता. त्रेपन्नाव्या मिनिटानंतर बरेच लोक रेकॉर्डिंग सोडून गेले होते. शेरा होता: 'उत्तरार्धात प्रेक्षकांचा रस कमी होतो.' माणसं बटणाच्या जागी दाबत होती, काही होत नव्हतं, म्हणून कंटाळून बंद करत होती. बटण दाबल्याची नोंद आम्ही ठेवत नाही, बटण चाललं तरच ठेवतो. त्या गृहस्थांनी हाताने वेळा लिहून ठेवल्या नसत्या तर ते सव्वीस मिनिटांचं अपयश आमच्या दप्तरी प्रेक्षकांची नापसंती म्हणून कायमचं जमा झालं असतं.

तोवर सकाळचे साडेअकरा वाजले होते, आणि डेटाबेसमधली ती ओळ मी पुन्हा पाहिली. पाहण्याची परवानगी: प्रक्षेपणापासून सात दिवस. म्हणजे आज रात्री आठपर्यंत. त्यानंतर चॅनेलने स्वतःची ऑन डिमांड आवृत्ती दिली तर ती त्या जागी येते. थेट चर्चांची आवृत्ती हे चॅनेल देत नाही. सात दिवसांतले सहा आम्ही त्यांना 'हा बिघाड नाही' असं सांगण्यात घालवले होते.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मॅनिफेस्टमध्ये ब्रेकचा शेवट हाताने ८:५३:०८ ला लावायचा. पण कुलपाची हद्द चॅनेलच्या खुणेवरूनच ठरेल, आम्ही ती परस्पर बदलणार नाही, असं करारात आहे. चॅनेलच्या प्लेआउट विभागाला, म्हणजे प्रक्षेपण सोडणाऱ्यांना, फोन केला. 'आमच्याकडून मार्कर गेलाय' एवढंच उत्तर, आणि ते खरंही होतं. आमच्या करार विभागातल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका युजरसाठी?" मी म्हटलं, "एकच प्रत आहे, सगळ्यांसाठी." त्या म्हणाल्या, "तक्रार किती जणांची आहे?" एकाची. हा प्रश्न मला त्या दिवशी चार जणांनी विचारला. तक्रार करायला माणसाला आधी आपला दोष नाही हे कळावं लागतं. बटण नाहीसं झालं की बहुतेकांना वाटतं, असंच असेल.

दुपारी मी त्यांची तिसरी तक्रार पुन्हा वाचली. थेट कार्यक्रमातली सबटायटल्स बोलण्याच्या काही सेकंद मागे असतात, हे कोणालाही माहीत असतं. त्यांनी पुढचं लिहिलं होतं: ओळ येते तेव्हा पडद्यावर दुसऱ्याच माणसाचा चेहरा असतो, त्यामुळे कोण काय म्हणालं ते जुळत नाही. म्हणून ते थेट पाहतच नाहीत. रेकॉर्डिंग लावतात, ओळ वाचतात, दहा सेकंद मागे जातात आणि ओठ पाहतात. आम्ही ज्याला सोय म्हणतो, ते त्यांचं ऐकणं आहे. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात यायला हवी होती.

मंजुरीचा मेल ६:४० ला आला. ६:५५ ला दुरुस्त मॅनिफेस्ट चढवलं, तिन्ही प्रकारच्या उपकरणांवर तपासलं आणि त्यांना स्वतः लिहिलं: आता मागे जाता येईल, सबटायटल्स दिसतील, आणि कृपया आठच्या आत पाहा, कारण त्यानंतर मला ते ठेवता येणार नाही.

सेशनचा लॉग माझ्यासमोर उघडा होता. ७:०४ ला प्ले. थेट ५१:०८ वर उडी. मग दहा सेकंद मागे. पॉज. दहा सेकंद मागे. प्ले. दहा सेकंद मागे, पुन्हा दहा. सव्वीस मिनिटं पाहायला सव्वीस मिनिटं लागत नाहीत, हे मला तेव्हा आकड्यांत दिसलं. साडेसातला ते एक तास तीन मिनिटांवर होते. पावणेआठला मी करार विभागाला फोन केला, मुदत एका तासाने वाढवता येईल का विचारायला. ऑफिस सुटलं होतं.

८:०० ला प्लेअरने पाहण्याच्या लायसन्सचं नूतनीकरण मागितलं. नकार. शेवटची जागा: १ तास १४ मिनिटं ३२ सेकंद.

त्या आठवड्यात मी दोन बदल सुचवले. ब्रेकची लांबी दिलेली नसेल तर कुलूप जास्तीत जास्त चार मिनिटांत आपोआप उघडावं, हा मान्य झाला आणि चालू आहे. मागे जाण्याची सोय आणि सबटायटल्स कुलपातून कायमची बाहेर काढावीत, हा 'पुढच्या करारात पाहू' म्हणून थांबला आहे. मागे जाणारा माणूस जाहिरात टाळत नाही, झालीच तर ती पुन्हा पाहतो, हे मी तीन बैठकांत सांगितलं आहे आणि चौथीतही सांगेन.

तपासणीसाठी ठेवलेली प्रत आमच्याकडे तीस दिवस असते. त्यातली ती उरलेली पावणेतीन मिनिटं मी ऐकून शब्दन् शब्द उतरवली आहेत, प्रत्येक वाक्याआधी बोलणाऱ्याचं नाव आणि त्या क्षणी पडद्यावर कोणाचा चेहरा होता तेही लिहिलं आहे. दीड पान भरलं. ते पाठवायची परवानगी मागितली आहे, अजून आलेली नाही.