तुम्ही विचारलंत म्हणून: पावडर भरलेल्या टाकीत जास्त हायड्रोजन कसा मावतो?

हायड्रोजन साठवणाऱ्या पावडरींवर मी काम करते, असं कुणाला सांगितलं की हमखास एक प्रश्न येतो. टाकीत आधीच पावडर भरली तर गॅसला जागा कमीच पडणार ना? गेल्या दिवाळीत मावशीनं विचारलं, त्याआधी कॉलेजातल्या मुलांनी, एकदा तर सिलिंडर पोचवायला आलेल्या दादांनीसुद्धा. दरवेळी मी घाईघाईत ‘तसं नसतं’ म्हणून मोकळी झाले. ते चुकलं, कारण शंका अगदी रास्त आहे. आज नीट सांगते.

घरच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस मावतो, कारण थोड्या दाबाखालीच त्याचा द्रव होतो. सिलिंडर हलवलात तर आत डुचमळतं. हायड्रोजनचं तसं नाही. उणे 240 अंश सेल्सिअसच्या वर तो कितीही दाबा, द्रव होत नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते, पण साध्या हवेच्या दाबाला तो एक किलो सुमारे 12,000 लिटर जागा घेतो. म्हणजे उन्हाळ्यात सोसायटीत येणारा पाण्याचा अख्खा टँकर. म्हणून मोटारींमध्ये तो 700 बार (एक बार म्हणजे साधारण साध्या हवेइतका दाब) दाबानं कोंबतात, आणि त्यासाठी कार्बन तंतूंची जाड, महागडी टाकी लागते.

आता पावडर. स्वयंपाकघरात फडताळ उभं केलं की मोकळी जागा कमी होते, तरी भांडी जास्त मावतात. इथेही तसंच आहे. रिकाम्या टाकीत हायड्रोजनचे रेणू एकमेकांपासून लांब, सैरावैरा धावत असतात. पावडरीच्या दाण्यांत मात्र अतिसूक्ष्म छिद्रं असतात. त्या छिद्रांची भिंत जवळ आली की ती रेणूंना हलकेच ओढते आणि तिच्यालगत ते दाटीनं बसतात, अतिथंडीत तर जवळपास द्रवाइतक्या दाटीनं. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात, प्रयोगशाळेत आम्ही सगळे अ‍ॅडसॉर्प्शनच म्हणतो. रासायनिक बंध होत नाही, त्यामुळे दाब उतरवला की रेणू सुटून बाहेर येतात.

म्हणून भिंती जितक्या जास्त तितकं बरं. एमओएफ-5 हा जस्ताच्या गाठी आणि कार्बनी दांड्या जोडून केलेला सच्छिद्र सांगाडा ओमर याघी यांच्या गटानं 1999 मध्ये जगापुढे आणला. त्याच्या एका ग्रॅममधल्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे 3,800 चौरस मीटर भरतात, म्हणजे साडेसदतीस गुंठे. या प्रकारच्या सांगाड्यांसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि याघी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत पेढे वाटले होते.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात, हवा अजिबात न लागू दिलेल्या एमओएफ-5 च्या एक लिटर स्फटिकात उणे 196 अंशांना आणि 100 बारला 66 ग्रॅम हायड्रोजन मावला. त्याच थंडीत, त्याच दाबाला रिकाम्या टाकीत लिटरमागे 30 ग्रॅमच्या आसपास मावतो. पण हा हिशेब सलग स्फटिकाचा आहे. पावडर ओतली की दाण्यांमध्ये फटी राहतात, आणि फार जोरानं दाबून गोळ्या केल्या तर आतला सांगाडाच कोसळतो.

‘हवा न लागू देता’ हे शब्द शिकायला मला दोन महिने लागले. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन जुलैत, मी नमुना उघड्यावर तोलला. पाण्याच्या वाफेनं हा सांगाडा मोडतो, हे मी वाचलं होतं. पण एवढ्याशा वेळात काय होणार, असं वाटलं. भिंतींचं क्षेत्रफळ एक तृतीयांशावर आलं आणि मी मात्र यंत्रात गळती शोधत राहिले. तेव्हापासून बाटली कोरड्या पेटीबाहेर उघडत नाही.

आता तुमच्या शंकेकडे. पावडरीच्या घन भागानं किती जागा अडवली ते आम्ही आधी हीलियमनं मोजतो, कारण तो जवळपास चिकटतच नाही. उरलेल्या मोकळ्या जागेत एरवी जो हायड्रोजन राहिलाच असता तो एकूण साठ्यातून वजा करतो. उरतो तो भिंतींनी जादा धरलेला. दाब वाढवत नेला की हा जादाचा आकडा एका टोकाला पोचतो, उणे 196 अंशांना एमओएफ-5 साठी साधारण 40 बारला, आणि मग उतरू लागतो. मोकळा गॅसच इतका दाट होतो की भिंतीलगतच्या दाटीचं महत्त्व उरत नाही. दाब पुरेसा चढवला तर रिकामी टाकीच जिंकते. मावशीचं म्हणणं तिथे शब्दशः खरं ठरतं.

उष्णतेचंही तसंच. अशा भिंतींची पकड दर मोलमागे (मोल हे रेणू मोजायचं एकक) जेमतेम 5 किलोज्यूल. आपल्या 30 अंशांना रेणूंची धावपळच एवढी असते की ही पकड टिकत नाही. साध्या तापमानाला साधारण 15 किलोज्यूल लागतील, असं सुरेश भाटिया आणि अ‍ॅलन मायर्स यांनी 2006 मध्ये गणितानं दाखवलं. त्याहून फार घट्ट झाली तर गॅस आत जाईल, पण गाडीला हवा तेव्हा सुटणार नाही. काही सांगाड्यांत उघड्या पडलेल्या धातूच्या अणूंची पकड या आकड्याच्या जवळ जाते. मात्र अशा जागा मोजक्याच असतात आणि चटकन भरून जातात. त्या वाढवायच्या कशा, हेच माझं सध्याचं काम.

या आठवड्यात निकेलचा एक नमुना तयार होतोय. सोमवारी आधी रिकाम्या टाकीचं मोजमाप घेईन, मग पावडर भरून.