मातालेची बाग आणि कँडीतली डाळ

श्रीलंकेत कँडीहून दांबुल्लाकडे निघालं की वाटेत माताले लागतं, आणि मसाल्याच्या बागांच्या पाट्या सुरू होतात. आमच्या ड्रायव्हरने न विचारताच गाडी एका बागेत वळवली. आईने उतरायच्या आधी विचारलं, "तिकीट किती?" तिकीट नव्हतं. "मग शेवटी काहीतरी गळ्यात मारणार," आई म्हणाली.

आम्ही गुहागरकडचे. वाडीत जायफळाची झाडं आहेत, पोफळींवर मिरीचे वेल चढलेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण तेज' जातीची दालचिनीही लावली आहे. त्यामुळे पांढरा कोट घातलेल्या गाइडने जायफळ फोडून आतली लालभडक जायपत्री दाखवली आणि पुढचे गोरे पाहुणे मोबाइल काढून धावले, तेव्हा आई मागून मला विचारत होती, "अरे, ह्यांच्याकडे वरच्या टरफलाचं लोणचं घालतात का, विचार ना." मी विचारलं. गाइड हसला आणि त्याने व्हॅनिलाचा वेल दाखवला. व्हॅनिलाचं फूल एका सकाळपुरतंच उमलतं, तेवढ्यात काडीने हातानेच परागीकरण करावं लागतं. हे ऐकून आईने ते पीक मनातल्या मनात रद्द केलं.

थांबून बघण्यासारखा होता तो दालचिनी सोलणारा म्हातारा. गोणपाटावर बसून त्याने अंगठ्याएवढी जाड फांदी घेतली, वरची तपकिरी साल खरवडून टाकली आणि मग पितळेच्या दांडीने ती फांदी चांगली घासली. घासल्याने आतली साल लाकडापासून सुटी होते. दोन्ही बाजूंनी सुरीचा एकेक उभा चिरा दिला आणि साल अखंड उचलली, इतकी पातळ की तिच्यातून बोटाची सावली दिसत होती. अशा साली एकात एक बसवून, पोकळीत बारीक तुकडे भरून लांब नळी करतात आणि सावलीत सुकवतात. सर्वांत बारीक नळीला 'अल्बा' म्हणतात, सहा मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची. 2022 मध्ये युरोपीय संघाने 'सिलोन सिनॅमन'ला भौगोलिक मानांकन दिलं, ते ह्याच हातकामामुळे शोभतं. आपल्याकडे किराणा दुकानात दालचिनी म्हणून जे जाड, टणक, एकपदरी साल मिळतं, ते बहुतेक वेळा कॅसिया, म्हणजे दालचिनीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाचं असतं. वास तिखट, गोडवा कमी.

पुढचं सगळं आईने सांगितल्याप्रमाणे. माझ्या हातावर केस काढायचं क्रीम चोळलं, मान दाबून दिली, लाल तेलाचे गुण ऐकवले आणि आम्हाला दुकानात नेऊन सोडलं. तिथल्या किमती बघून आई बाहेर बाकावर जाऊन बसली. मसाले आम्ही नंतर कँडीच्या बाजारात वजनावर घेतले.

बागेपेक्षा कँडीतल्या एका घरी केलेला स्वयंपाकाचा क्लास कितीतरी सरस. शिकवणाऱ्या अक्कांनी आधी धने, जिरं, बडीशेप, मेथी, लवंग, वेलची, दालचिनी, कढीपत्ता आणि रांपेचं पान भाजायला घेतलं. (रांपे म्हणजे आंबेमोहोर तांदळाच्या वासाचं लांब पान.) आपण धने खमंग झाले की थांबतो. अक्का थांबेनात. धने कॉफीच्या रंगावर गेले तेव्हा आईने माझा दंड धरला, "करपले रे!" करपले नव्हते. हा काळा मसाला मटणा-चिकनला. भाज्यांना धने-जिरं-बडीशेपेचा न भाजलेला.

मसुरीच्या डाळीची रीतही उलटी. मातीच्या भांड्यात डाळ, कांदा, हिरवी मिरची, लसूण, हळद, रांपे, दालचिनीचा तुकडा, सगळं एकदमच, नारळाच्या पातळ दुधात शिजत घातलं. तोवर तेलाचा थेंब नाही. डाळ मऊ झाल्यावर दाट दूध, आणि राई, सुकी मिरची, कांदा, कढीपत्त्याची फोडणी सगळ्यात शेवटी. पातळ दूध आधी, दाट मागून, हे मात्र आईला सांगावं लागलं नाही. नारळ खवायला बसली तर अक्कांनी तिला उठूच दिलं नाही.

गोरका बघून आई खुलली. आमसुलाचाच भाऊबंद, पण पिवळ्या फळाच्या फोडी वाळवून काळ्या केलेल्या. गोरका आणि मिरी वाटून माशाच्या तुकड्यांना चोळतात आणि आटेपर्यंत शिजवतात. ते अंबुल तियल फ्रिजशिवाय दोन-तीन दिवस टिकतं. पोल संबोल मात्र तिला नवीन वाटेना. "ही आपली ओल्या खोबऱ्याची चटणीच, नुसती सुकट घातलेली." सुकट नव्हे, उंबलकड: सुकवून धुरावलेला कुपा, लाकडासारखा कडक, कुटूनच घालावा लागतो.

घरी आल्यापासून आई ही डाळ करते. धने अजूनही ती वेळेवर उतरवते, आणि डाळीत दोन आमसुलं टाकते. अक्कांना हे सांगायची माझी हिंमत नाही, पण गरम भातावर ती डाळ फक्कड लागते.