जूनमधला जो लुई

१ जूनला मासेमारी बंद झाली की आमच्याकडे मालवणला दांडीपासून देवबागपर्यंत होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झाप पडतात आणि माणसं नंबर लावायला बसतात. कोणत्या वर्षीचं वादळ मोठं, कुठला दशावतारी राजा खरा आणि कुठला नुसताच मुकुट घालून उभा राहायचा, सुरमई पहिली की सरंगा पहिला. हा शेवटचा वाद तर ताटात सुका बांगडा असतानाच जास्त रंगतो. ३१ जुलैपर्यंत दुसरं करणार काय? जाळी शिवताना हात अडकलेले असतात, तोंड मोकळंच असतं.

यंदा या नंबरांच्या बाजारात मी एक परदेशी माल आणला. जो लुई. अमेरिकेचा बॉक्सर, हेवीवेट म्हणजे सगळ्यात जड वजनगटातला जगाचा चँपियन. २२ जून १९३७ रोजी त्याने किताब जिंकला आणि १ मार्च १९४९ रोजी निवृत्ती जाहीर करून स्वतःच सोडला. मधली पावणेबारा वर्षं तो त्याच्याकडून कोणालाही काढून घेता आला नाही. २५ वेळा त्याने तो राखला. हेवीवेटमध्ये एका दमात इतकी वर्षं गादी दुसऱ्या कोणी सांभाळलेली नाही. म्हणजे २५ अधिक जिंकली ती एक, अशा २६ लढती. यातला सगळ्यात थोर विजय कोणता?

यादी करता करता एक गंमत लक्षात आली. मोठ्या म्हणाव्यात अशा बहुतेक लढती जूनमधल्या. १९३७ ची २२ जूनला, १९३८ ची पुन्हा २२ जूनलाच, पुढे २८ जून, २० जून, १८ जून. युद्धानंतर १९ जून आणि २५ जून. कारण साधं आहे. इतकी माणसं बसवायची तर बेसबॉलचं उघडं मैदान हवं, आणि उघड्या मैदानावर रात्री बसायचं तर उन्हाळा हवा. त्यांचा जून तो उन्हाळा. आमच्या जूनमध्ये छत्री उलटी होते. तरी १९४८ ची लढत तिकडेही पावसाने पुढे ढकलावी लागली होती, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

या विषयातले आमच्याकडचे अधिकारी म्हणजे शेजारचे तात्या. उमेदीची वर्षं मालवाहू बोटीवर काढलेली. बंदराबंदरात उतरून त्यांनी बॉक्सिंग पाहिलेलं आहे, त्यामुळे या बाबतीत त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. खरं म्हणजे ते चालू देत नाहीत. पडवीत फणसाच्या भाजलेल्या आठळ्या सुपात घालून मध्ये ठेवल्या आणि मी त्यांना फोनवर एकेक लढत दाखवत गेलो.

बाहेर कुठेही विचारा, पहिला नंबर श्मेलिंगचाच सांगतील. १९३६ साली, लुई अजून चँपियन व्हायचा होता तेव्हा, जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या राऊंडला झोपवलं होतं. श्मेलिंग हुशार. त्याने लुईच्या जुन्या लढतींच्या फिल्म बसून पाहिल्या आणि एक खोट हेरली. डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ पुढे मारलेला ठोसा, मारून झाला की लुईचा तो हात परत येताना किंचित खाली यायचा. हनुवटीपुढे तेवढीच फट. त्या फटीतून श्मेलिंगचा उजवा पुन्हा पुन्हा आत येत राहिला.

दोन वर्षांनी यांकी स्टेडियमवर दोघं पुन्हा समोरासमोर आले तेव्हा जग बदललेलं होतं. हिटलरच्या माणसांनी श्मेलिंगला आपल्या वंशाचा नमुना करून ठेवलेलं, तर अमेरिकेने, जिच्या कितीतरी हॉटेलांत लुईला आत बसू दिलं नसतं, त्याच लुईच्या खांद्यावर आपली सगळी अब्रू ठेवलेली. सुमारे सत्तर हजार लोक बसले होते. लढत चालली १२४ सेकंद. श्मेलिंगला त्यात जेमतेम दोन ठोसे मारता आले. तीनदा तो खाली गेला आणि संपलं. किताब मिळून वर्ष झालेलं होतं, पण श्मेलिंगला हरवेपर्यंत मला चँपियन म्हणू नका, असं लुई सांगत असे. ते काम त्याने दोन मिनिटांत उरकलं.

आमच्या पडवीत मात्र हा विजय पडला. फोनवर ते गोल चक्र फिरत राहिलं, त्याहून लढत लहान निघाली. तात्यांनी चष्मा पुसून नाकावर ठेवेपर्यंत श्मेलिंग आडवा.

"दोन मिन्टात? मगे लोकांचो पैसो फुकट गेलो म्हण की."

मी त्यांना इतिहास सांगितला, हिटलर सांगितला. हेही सांगितलं, की ज्याला खलनायक म्हणून उभं केलं तो श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासदसुद्धा नव्हता, त्याचा मॅनेजर ज्यू होता आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून ठेवलं होतं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, माणूस चांगलो, पण लढत खंय आसा?

मला हे पटलं नाही असं म्हणणार होतो, पण पटलं. १९३८ चा विजय इतिहासाच्या पुस्तकात पहिला असेल. रिंगणात त्या रात्री लुईला कसलीच अडचण नव्हती. जिंकणार की नाही हा प्रश्न पहिल्या काही सेकंदांतच निकालात निघाला.

माझा पहिला नंबर बिली कॉनचा. १८ जून १९४१, पोलो ग्राउंड्स. कॉन पिट्सबर्गचा, खरा लाइट हेवीवेट, म्हणजे एक वजनगट खालचा. लुईशी लढण्यासाठी खालचा किताब सोडून वर आलेला. जाहीर झालेल्या वजनांत दोघांचा फरक पंचवीस पौंडांचा, म्हणजे अकरा किलोंहून जास्त. असा माणूस लुईपुढे टिकतो कसा? तर एका जागी उभाच राहत नाही. आत यायचं, दोनतीन मारायचे, लुईचा हात निघायच्या आत बाजूला. पहिले राऊंड लुईने घेतले, मग हळूहळू कॉनचं गणित जमत गेलं. बाराव्या राऊंडला कॉनच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, लुई चक्क हलला. लढत पंधरा राऊंडांची. बारा राऊंड संपले तेव्हा गुण मांडणाऱ्या तिघांपैकी एकाच्या कागदावर दोघं बरोबरीत आणि बाकीच्या दोन कागदांवर कॉन पुढे होता. तीन राऊंड नुसतं पळत राहिला असता तरी जगाचा चँपियन झाला असता.

तेरावा राऊंड मात्र बघण्यासारखा आहे. कॉन पळत नाही. लुईला हलवलंय, आता पाडूनच टाकू, असं त्याच्या अंगातच दिसतं. पाय थांबतात, तो आत घुसून ठोशाला ठोसा द्यायला लागतो. लुईचा चेहरा बघा. त्यावर काहीच नाही, ना घाई ना आनंद. बारा राऊंड जो सापडत नव्हता तो समोर येऊन उभा राहिलाय, एवढंच. मग लुईचा उजवा जातो, तो अगदी आखूड, वीतभर अंतरातून. कॉनचं डोकं मागे उडतं आणि त्यानंतरचे ठोसे मोजता येत नाहीत. पडलेल्या कॉनवर पंचाचे दहा आकडे मोजून पुरे झाले तेव्हा राऊंड संपायला दोन सेकंद उरले होते.

तात्यांनी ते तीनदा लावायला सांगितलं. "गप रवलो आसतो तर?" हा प्रश्न मग आठवडाभर आमच्या वाडीत फिरत होता. कोणी म्हणे अंगात आलं की माणूस असाच करतो; कोणी म्हणे आपण असतो तर तीन राऊंड रिंगणाबाहेरच काढले असते. पुढे कॉन आणि लुई चांगले मित्र झाले. कॉनने एकदा थट्टेत लुईला विचारलं, तो किताब मला सहा महिने वापरायला दिला असतास तर काय बिघडलं असतं? लुईने सांगितलं म्हणे, बारा राऊंड होता की तुझ्याकडे, तुला सांभाळता नाही आला.

आणि इथे माझी यादी भलतीकडेच वळली. विजय लुईचे लिहायला घेतले होते, पण ज्याच्या त्याच्या तोंडी नाव हरलेल्याचं. ज्या लढतीत लुई सहज जिंकला तिच्याबद्दल बोलायला कोणाकडेच काही नाही. डिसेंबर १९४० पासून तर तो जवळजवळ दर महिन्याला एकाला पाडत होता आणि पत्रकार त्या बिचाऱ्यांना 'या महिन्याचा भिकारी' म्हणत. त्यांची नावं तात्यांना सांगूनही लक्षात राहिली नाहीत. टोनी गॅलेंटो मात्र राहिला. बार चालवणारा, पिंपासारखा गोल, आणि १९३९ साली तिसऱ्या राऊंडला त्याने लुईला खाली बसवलं. चौथ्यात स्वतः गेला, पण बसवलं ते बसवलं. तात्या त्याला तिसरा नंबर द्या म्हणतात. मी देणार नाही. एका ठोशावर इतका वर कोणी चढत नसतो.

खरी अडचण जर्सी जो वॉलकॉटची. ५ डिसेंबर १९४७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. लुईची तेहतीस वर्षं उलटून गेलेली, मधली चार वर्षं लष्करात गेलेली. वॉलकॉटने त्याला दोनदा पाडलं. पंधरा राऊंड संपल्यावर निकाल ऐकायला न थांबताच लुई रिंगणाबाहेर पडायला निघाला होता, इतकी त्याला स्वतःच्या हरण्याची खात्री. निकाल लागला लुईच्या बाजूने, तोही एकमताने नाही. पंच रूबी गोल्डस्टीनने वॉलकॉटलाच जिंकवलं होतं. आता हा विजय कुठे ठेवायचा? माझ्या मते यादीतच नको. त्यापेक्षा पुढच्या वर्षीचा ठेवावा, त्या पावसाने लांबलेल्या लढतीतला. त्यातही लुई तिसऱ्या राऊंडला पडला, प्रेक्षक कंटाळून ओरडू लागले, आणि अकराव्यात त्या म्हाताऱ्या हातांना अचानक सगळं आठवलं. तो माझा दुसरा. श्मेलिंग तिसरा.

चौथ्यावर मी बडी बेअरला बसवलंय, आणि याबद्दल मला वाडीत वेड्यात काढतात, कारण जानेवारी १९४२ ची ती लढत पहिल्याच राऊंडला संपली. पण आपला मेहनताना लुईने त्या रात्री नौदलाच्या मदतनिधीला देऊन टाकला. त्या नौदलात तेव्हा काळ्या माणसाला भटारखान्यापलीकडे भरती नव्हती. पुढे त्याच लुईच्या मागे सरकारी करखात्याने थकबाकीचा असा ससेमिरा लावला, की निवृत्तीनंतर त्याला पैशासाठी पुन्हा रिंगणात उतरावं लागलं.

राहिला जिम ब्रॅडॉक, म्हणजे ज्याच्याकडून किताब घेतला तो. पहिल्या राऊंडला त्यानेच लुईला पाडलं आणि आठव्यात स्वतः पालथा झाला. पाचवा नंबर, जास्त बोलण्यासारखं नाही, असं म्हणून मी फोन बंद करणार होतो. जाता जाता सांगितलं, की ब्रॅडॉकचा मॅनेजर मोठा पक्का. लढतीला हो म्हणण्याआधीच त्याने करार करून घेतला होता: ब्रॅडॉक हरला तर आयोजकाच्या हेवीवेट किताबाच्या लढतींतल्या नफ्याचा दहा टक्के वाटा पुढची दहा वर्षं यांना.

तात्यांचा आठळी सोलणारा हात थांबला. "खरां सांगतंस?"

"खरं."

"मगे पयलो नंबर हेचोच."

"तात्यानू, यादी विजयांची आसा. ब्रॅडॉक हरलो."

"धा वर्सां बसान खाल्ल्यान, आणि तू म्हणतंस तो हरलो?"