चलन कोणाच्या टेबलावर आहे?

भोसरीतील एका लहान कारखान्यात माल वेळेवर येऊनही पुरवठादारांची बिले महिना-महिना पास होत नव्हती आणि त्या कामाची आकृती काढून देण्याचे माझ्याकडे आले, तेव्हा मी सवयीने साधा फ्लोचार्ट काढला. गेटवर नोंद, स्टोअरमध्ये मोजणी, तपासणी, जीआरएन (म्हणजे माल मिळाल्याची पावती), बिलाची पडताळणी, पैसे. निर्णयाच्या चौकटीला तिथले स्टोअरकीपर ‘शंकरपाळा’ म्हणत, आणि आता मीही तेच म्हणतो. आकृती नेटकी होती, पण उशीर कुठे होतो हे तिच्यावरून कोणालाच सांगता येईना. काय करायचे ते तिच्यात होते, मालासोबत येणारा कागद, म्हणजे चलन, कोणाच्या हातात आहे ते नव्हते.

मालकांच्या चिरंजीवांचा आग्रह बीपीएमएनचा, म्हणजे कामाची प्रक्रिया ठरावीक चिन्हांत मांडण्याच्या पद्धतीचा होता. ही पद्धत उत्तम आहे, तिची २.० आवृत्ती २०११ साली आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जाही मिळाला. पुढे तीच आकृती सॉफ्टवेअरकडून चालवून घ्यायची असेल, तर मी दुसरे काही सुचवणार नाही. मात्र इथे ती वाचणार होते गेटवरचे रखवालदार आणि तपासनीस, आणि अखंड रेघेचा बाण व तुटक रेघेचा बाण यांतला फरक त्यांना समजावण्यात माझी दुपार गेली असती.

म्हणून मी प्रत्येक विभागाला एक आडवा पट्टा दिला, म्हणजे ज्याला स्विमलेन म्हणतात तो प्रकार निवडला, आणि त्यात एक उसनवारी केली. फ्रँक व लिलियन गिल्ब्रेथ यांनी १९२१ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांसमोर प्रोसेस चार्ट, म्हणजे कामाचा एकेक टप्पा चिन्हांनी दाखवणारा तक्ता मांडला. त्याच परंपरेतून १९४७ मध्ये ठरलेल्या पाच चिन्हांत नुसत्या थांबण्यासाठीही एक चिन्ह आहे, इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे. साध्या फ्लोचार्टमध्ये थांबणे दिसतच नाही, बाण लगेच पुढच्या चौकटीत शिरतो.

चलनाचा प्रवास पट्ट्यांवर मांडल्यावर तो ‘डी’ तपासणीच्या पट्ट्यात आला. माल त्याच दिवशी पास होत होता, पण चलने क्लिपला लावून शनिवारपर्यंत तिथेच राहत होती. मी कारण विचारले, तेव्हा तपासनीस म्हणाले, “अकाउंट्स वरच्या मजल्यावर आहे साहेब, एकेका चलनासाठी रोज जिना कोण चढणार?”

जिना माझ्या कोणत्याच आकृतीत नव्हता.